अर्थ नसलेले शब्द

केमीत सकाळचे नऊ, बाहेर अजून काळोख.
एलीने धडा घडाघडा वाचला,
पान मात्र एक ओळ आधीच उलटलं.

मार्युक्काने पुस्तक मिटलं,
साधा कागद पुढे सरकवला:
तिरोम. पुक्लो. लाएसु.
कुठल्याच घरात कधी न बोललेले.

एली गप्प.
बुटांवरचा बर्फ वितळून
खुर्चीखाली तळं.

'हे अजून आईने
वाचून नाही दाखवलं,' तो म्हणाला.
तिने घड्याळ थांबवलं.

दाराशी बाप, हातांना ग्रीसचा वास.
पुढच्या तपासणीचा अर्ज
त्याने बराच वेळ नुसता धरला.
'चष्मा घरी राहिला. सही कुठं?'

नाकावर चष्म्याचा वण नव्हता.

मार्युक्काने दुसरी खुर्ची ओढली
आणि अर्ज पहिल्या ओळीपासून
मोठ्याने वाचायला घेतला,
प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत.