पटाचा निकाल

भानखेड्याच्या पटावर यंदा खडूचा फळा नाही.
सरपंच म्हणाले, "पोरी, तुहा लॅपटॉप आणजो,
निकाल टीव्हीवर दिसला पाह्यजे."

दिवसभर मी नागोरावकाकांच्या शेजारी.
त्यांच्या अंगठ्याखाली घड्याळ,
माझ्या मांडीवर जावास्क्रिप्ट,
दोघांच्याही दातांत पटाची धूळ.
जोडी पार झाली की काका आकडा ओरडत,
मी तो अ‍ॅरेत ढकलायची:
८.६२, ७.९१, ९.३०, पुन्हा ८.६२,
आणि पहिल्यांदाच पटावर उतरलेला निकेश उईके,
त्याची भुऱ्या-पेंटरची जोडी, १०.०४.
पेंटर मध्येच थांबून बांधापलीकडची तूर बघत होता.

दिवस बुडाला. मी सॉर्ट लिहिलं,
पुढे रिकामा कंस.
टीव्हीवर पहिला नंबर:
निकेश उईके.

क्षणभर कोणी बोललं नाही.
मग डफडं वाजलं. डफड्याला काय, वाजायचंच असतं.

माझ्या लक्षात आलं तेव्हा कान तापले.
कंस रिकामा असला
की आकडेही त्याला अक्षरंच वाटतात.
दहातला एक दिसला, त्याचं भागलं;
एक हा सातच्या आधी, झालं.
मागे काय उभं आहे ते बघायला तो जात नाही.
आडनावाचं पहिलं अक्षर ऐकून
बसायची जागा दाखवणारे
आमच्या गावातही आहेत.

कंसात लिहिलं: यातून तो वजा कर.
उणे आलं तर हा आधी, अधिक आलं तर तो,
शून्य आलं तर जसे आले तसे राहू दे.

तरी एक राहिलंच.
सॉर्ट नवी यादी करत नाही, आहे तीच हलवतो.
कोण कोणामागून धावलं,
कोणाच्या वेळी ऊन समोरून होतं,
हे आता फक्त काकांच्या वहीत, पेन्सिलीनं.

बटण दाबणार, तोच निकेश आला.
"ताई, चुकलं ना हे?"
"हाव."
"मंग थांब जराशी."
गर्दीतून पेंटरला ओढत आणलं,
टीव्हीसमोर उभं केलं,
त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला.
एक हलला म्हणून दुसरा.
"आता कर."

मी बटण दाबलं.
८.६२ वाले दोघे एकाखाली एक, आले तसेच.
निकेश सगळ्यात खाली.
तो मोबाइलात बघत होता,
आणि पेंटरच्या ओठाला
तुरीचं एक पान चिकटलेलं.