कागद चिकटला पाहिजे

जुना पंखा इंजिनाच्या नाकालाच बांधलेला.
चार पाती, एकाला पोचा.
इंजिन फिरलं की तो फिरायचा,
जानेवारीत, काचेवर बर्फ असतानासुद्धा.
तापलंय का, असं त्यानं कधी कुणाला विचारलं नाही.
बाबाही...
जाऊ दे. ट्रकबद्दल बोलत होते.

चौसष्टची शेवरोले. सोकोरोच्या बाहेर, नदीकडे उतरताना
आमची पत्र्याची शेड आहे, तिथं.
जुनं सहा सिलिंडरचं ताडपत्रीवर पडलंय,
आणि तिच्या पोटात आता
कुठल्याशा अपघातात चेपलेल्या टाहोचं आठ सिलिंडरचं.
पुलीपासून रेडिएटरपर्यंत सेलेस्तिनोनं टेप धरली :
पावणेतीन इंच.
"बोटं जातात," म्हणाला. "पंखा नाही जायचा."

बेलेनच्या भंगारात शनिवार गेला.
प्रोकोपियो बाका तिथला मालक, एका कानानं बहिरा,
पंखे दाखवतो खरबूज दाखवावं तसे :
पातं फिरव, कान दे, खरखर आली तर ठेव खाली.
एक चांगला होता, दणकट,
"याच्यामागे कोंबडी उभी करू नकोस," म्हणाला.
पण चार इंच जाड.
सेलेस्तिनोला हवी होती क्रोमची चकचकीत जोडी, उघडी.
मी म्हटलं, भोवती पेटी नसेल तर पंखा
आपल्यापुरतं गोल तेवढं गार करतो,
कोपरे तापतच राहतात.
तो म्हणाला, तुला प्रत्येक गोष्टीला पेटी लागते.

शेवटी एका पांढऱ्या व्हॅनचे जोडपंखे, पेटीसकट,
पस्तीस डॉलर आणि माझ्याकडचं पंपाचं एक जुनं बेअरिंग.
मोटारी पुलीच्या दोन्ही अंगांना बसल्या.
पाव इंच उरला.
पाव इंच म्हणजे पुष्कळ.

वायरिंग माझं. बावीस वर्षं
आल्फाल्फाच्या शेतांवरचे पंप जोडतेय मी.
दोन पंखे, दोन रिले, दोघांना वेगळे फ्यूज,
कारण सुरू होताना पंखा हावरट असतो,
पहिला घास तिप्पट मागतो.
बारीक वायरनं कुजबुजायचं,
जाड वायरनं काम करायचं, एवढंच रिलेचं.
एकशे पंच्याण्णव अंशांना पहिला. दोनशे पाचला दुसरा.
अर्थिंगसाठी मात्र रंग खरवडावा लागतो,
आणि हा निळा बाबांनी घरच्या ब्रशनं लावलेला.
सेलेस्तिनो बाहेर गेला सिगारेट ओढायला.
मी नाण्याएवढा खरवडला.

आता कागद. डॅशबोर्डच्या खणात बाबांची वही होती,
तेलाचे डाग, पेन्सिल.
एक पान फाडून जाळीपुढे धरलं :
पंख्यानं आत ओढलं पाहिजे, पान चिकटलं पाहिजे.
बॅटरी जोडली.
पान उडालं,
शेडबाहेर, कुत्र्यावरून, थेट कुंपणापर्यंत.
उलटा! पंखा गरम हवा पुढे फेकत होता,
हायवेवर वाऱ्याशीच कुस्ती खेळला असता.
व्हॅनवाल्यांनी काळी वायर जिवंत ठेवली होती
आणि मी रंगावर विश्वास ठेवला. बावीस वर्षं!
सेलेस्तिनो इतका हसला की त्याला जॅकवर बसावं लागलं.
मग तोच पळाला पान आणायला.

वायरी बदलल्या. पान चिकटलं.
जाळीवर सपाट, थरथरत, अक्षर आमच्याकडे :
*तेल बदललं. पट्टा बघायचा आहे. उजवा हात दुखतो.*
आम्हाला हाताचं कधी बोलले नव्हते.
पंखा बंद करेपर्यंत ते तसंच राहिलं.
आम्ही जरा जास्तच वेळ बंद केला नाही.

रविवारी गावात निघालो, बाहेर एकशे तीन.
फाटक पडलं. मालगाडी, डबे मोजत बसलो,
काटा चढत होता.
सेलेस्तिनोचा हात किल्लीवर.
मी म्हटलं, थांब.
सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस.
एकोणपन्नासाव्याला बॉनेटखाली
टक्.
आणि तो म्हणाला, तरी क्रोमचे जास्त छान दिसले असते.