बिल्टी

बावीस वर्षं वाडीच्या जकात नाक्यावर मी पावत्या फाडल्या.
म्हणून डॉक्टरबाई म्हणाल्या,
हे औषध खूण पाहून जातं,
ज्या पेशीवर ती खूण, तिथंच उतरवतं पोटातलं विष,
तेव्हा मला चटकन कळलं.
लेक मोबाइलमध्ये शोधत बसला.

मी एवढंच विचारलं,
आणि चुकून भलत्याच गाडीला हात केला तर?

बाई हसल्या नाहीत.
होतं कधी कधी, म्हणाल्या. फुप्फुसात होतं.
थोड्यांनाच. पण त्या थोड्यांत कोण,
ते आम्हालाही आधी कळत नाही.
कोरडा खोकला, ताप, जिन्यावर धाप,
यातलं काहीही आलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, निखारेबाई.
त्याच दिवशी फोन.

दर एकवीस दिवसांनी, मेडिकल चौकाच्या पलीकडे,
तिसऱ्या मजल्यावरची निळी खुर्ची.
प्रफुल्ला सिस्टर नस शोधते. आधी उलटीचं औषध, मग ते.
मधूनमधून हृदयाचा इको:
साठ, अठ्ठावन्न, पुन्हा अठ्ठावन्न.
आकडे मी वहीत लिहिते. जुनी सवय.

चौथ्या खेपेनंतर स्कॅन.
यकृतावरचे पाच डाग तीन झाले.
बोराएवढा होता तो हरभऱ्याएवढा.
लेकानं तर्री-पोहे आणले,
मला दोन घास गेले.
दोन गेले.

मग मे. शेहेचाळीस.
कूलरला नवा वाळा लावला
आणि त्याच रात्री घशात काहीतरी खरवडलं.

आता तुम्हीच सांगा,
मे महिन्यात नागपुरात कोण खोकत नाही?
समोरचे हेडाऊ खोकतात, त्यांची म्हातारी कुत्री खोकते.
वारा फिरला की कोराडीची राख
गच्चीवरच्या कुरड्यांवर येऊन बसते.
मी ज्येष्ठमध चघळला.
उशीत तोंड दाबून खोकले.
यांना म्हटलं, वाळ्याची धूळ आहे जी.

खरं सांगू?
भीती औषधाची नव्हती.
ते बंद करतील, याची होती.
पाचाचे तीन झाले होते.
तिनाचे दोन होऊ द्या, मग सांगते,
असा सौदा मी कुणाशी करत होते, ठाऊक नाही.
असे सौदे नाक्यावर रोज पाहिले.
आज सोडा बाई, उद्या भरतो.
उद्या भरायला परत आलेला
एकही ट्रक मला आठवत नाही.

सहाव्या दिवशी दूध आणायला खाली गेले.
सतरा पायऱ्या.
वर येताना अकरावीवर बसले,
पिशवी मांडीवर, दूध तापायला लागलेलं.
उरलेल्या सहा पायऱ्या
आणि छातीतली हवा,
ताळा जुळेना.

फोन मीच केला.
किती दिवस झाले काकू?
एक म्हणता आलं असतं.
बावीस वर्षांत खोटी नोंद केली नाही.
सहा, म्हटलं.
पलीकडे जरा वेळ फक्त पंख्याचा आवाज.
मग प्रफुल्ला म्हणाली, काऊन जी काकू?
रागानं नाही म्हणाली. त्यानंच रडू आलं.

आता सीटीच्या फळीवर उताणी आहे.
काचेवर वाफ धरावी तसं आत काही दिसलं
तर औषध थांबणार, स्टिरॉइड सुरू होणार,
आणि ते तीन डाग
आपापलं बघून घेणार.
नाही दिसलं, तर धूळ. तर वाळा.
बाहेर हे चपला हातात घेऊन उभे आहेत,
चपला काढायला कुणी सांगितलंच नव्हतं.

यंत्र हिंदीत बोलतं, साँस रोकिए.
रोखते.
खोकला वर येऊ पाहतो, गळ्यापर्यंत येतो.
त्याच्यापुढे मी हात आडवा करते.
थांब.
कुठून आलास?
बिल्टी दाखव.