अनामत

शुक्रवार, पाचला दहा कमी.
गिरेसुनचा समुद्र आज पत्र्यासारखा करडा,
आणि माझ्या खिडकीत साफिये.
अंगाला भाजलेल्या हेझलनटचा वास, हातात अर्ज.
सगळा भरलेला. रकाना क्रमांक सात सोडून.

प्रबंधासह. प्रबंधाविना.
दोन चौकोन, नखाएवढे.
एकवीस वर्षं मी या खिडकीत बसते.
व्यवसाय-अर्थशास्त्राची शहाणी माणसं
इथवर येतात आणि अडखळतात,
उंबरठ्याला ठेच लागावी तशी.

'प्रबंधाविना'चा हिशेब सरळ आहे, मी तिला सांगते.
दहा विषय, एक प्रकल्प, वर्ग संध्याकाळी सहानंतर,
फी दोन हप्त्यांत, दीड वर्षात कागद हातात.
तुझे मालक नेजमेत्तिन बेय म्हणालेच आहेत,
कागद आण, निर्यातीचं टेबल तुझं.
फक्त पुढे पीएचडीचं दार बंद.
ते तू ठोठावणार होतीस का, तुझं तू बघ.

'प्रबंधासह' म्हणजे सात विषय, एक सेमिनार,
दिवसाचे वर्ग, म्हणजे अर्धा पगार,
आणि मार्गदर्शक तहसीन बेय,
जे ऑक्टोबरच्या पत्राला उत्तर देतात
पालामुत माशांचा हंगाम उलटल्यावर.
शेवटी काळ्या पुठ्ठ्यात बांधलेली एकशेवीस पानं.
ती जातात त्या कपाटात.
गेल्या वर्षी ते तिघांनी उघडलं.
त्यातला एक चार्जरसाठी प्लग शोधत होता.

ती हसत नाही.
म्हणते, हाजेर आब्ला, आमच्या गोदामात एक वही आहे.
ऑगस्ट सरताना डोंगरावरचे लोक पोती आणून टाकतात.
वजन होतं, नाव लागतं,
भावाचा रकाना कोरा.
अनामत. भाव नंतर.
कुणी मुलाच्या लग्नाला येतो भाव घ्यायला,
कुणी डॉलर चढला की,
कुणी दोन-दोन वर्षं फिरकतच नाही.
मालक तोवर माल विकून मोकळे.
मग कोण कुणाला कर्ज देतंय, सांगा?
पुस्तक म्हणतं, माणूस आपला फायदा बघतो.
मग एमिने आत्या भाव पार पडेपर्यंत का थांबली?
विचारलं, तर म्हणाली,
तुझ्या मालकाच्या बापाने
माझ्या नवऱ्याच्या जनाज्याला खांदा दिला होता.
हे मी कुठल्या रकान्यात घालू?

माझ्याकडे शिक्के आहेत. उत्तर नाही.
बाहेर इल्यास किल्ल्या वाजवतो, म्हणजे पाच झाले.
तिचं पेन दुसऱ्या चौकोनावर टेकतं,
तिथे एक निळा ठिपका.
ठिपका म्हणजे खूण नव्हे,
असा नियम नसेलही. मी तो त्या क्षणी केला.

राहू दे, मी म्हटलं. अर्ज माझ्याकडे अनामत.
शुक्रवारचा शिक्का मारला, खणात ठेवला,
चहाच्या पुड्यांशेजारी, सातवा रकाना कोरा.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मी काहीतरी अर्धवट ठेवून घरी गेले
आणि झोपही लागली.

सोमवारी ती आठलाच दारात.
कुठल्या चौकोनाचं बोललीच नाही.
पिशवीतून झेरॉक्स काढल्या, जुन्या वहीच्या,
कडा हेझलनटच्या तेलाने डागाळलेल्या.
एक्केचाळीस नावं, म्हणाली.
पोती ठेवून गेले, भाव घ्यायला कधी आलेच नाहीत.
काहींची पोरं जर्मनीत आहेत,
काहींची घरंही आता नाहीत.
यांना शोधायला जाता येईल ना मला?

पगाराचं काय, मी विचारलं नाही.
नेजमेत्तिन बेय स्वतःच्या वहीबद्दल
काय म्हणतील, तेही नाही.
खण उघडला, अर्ज पुढे सरकवला, आणि पेन.

तारीख शुक्रवारचीच आहे.
कुणी विचारलं, तर तुम्हीही तेच सांगा.