पायरीवर

मकवालाच्या तळघरात उतरायला सात पायऱ्या.
सातवी झिजलेली, तिथंच तो पडलेला असतो,
पुढचे दोन पंजे आत,
बाकीचं अंग तिबिलिसीत.
नाव बोंबोरा. पण बोंब मारताना
त्याला अजून कुणी ऐकलेलं नाही.

आत खिंकालीची वाफ.
आकार उकडीच्या मोदकाचा, पोटात मात्र
मांस आणि तोंड भाजणारा रस.
शेंडी खायची नसते, ताटात ठेवायची;
किती झाल्या ते शेंड्या मोजून कळतं.
शाल्वा आणि त्याचा व्याही दर गुरुवारी पैज लावतात.
मागच्या गुरुवारी शाल्वा म्हणाला, तेवीस.
ताटात शेंड्या अकरा.
उरलेल्या बाराचा हिशेब
पायरीवर मिशा चाटत होता.

तेव्हापासून व्याह्याचं मत: खाणावळीत कुत्रा म्हणजे घाण.
शाल्वाचं मत: त्याच्यासारखा साक्षीदार नाही.
कुत्र्याला दोघांचीही उष्टी शेंडी चालते,
तरी तो कुणाच्या ताटाखालचं मांजर नाही.

वरच्या गल्लीतली शिंपीण लियाना येते
ती पोराला कडेवर घेऊनच.
पोराच्या गालावर दात उमटलेले आहेत,
दुसऱ्या कुत्र्याचे, दुसऱ्या गावातले.
हा फरक त्याला कोण समजावणार?
तो खुर्चीवर पाय पोटाशी घेऊन जेवतो.
बोंबोरा त्याच्याकडे बघतही नाही.
हे न बघणं शहाणपणाचं की आळसाचं,
लियाना काही म्हणत नाही.
ती भराभर जेवते.

मग एका मंगळवारी तपासनीस आला, गोचा नावाचा,
बूट नवे, हातात चौकटींचा कागद.
फ्रीजचं तापमान बघितलं. लाटायची फळी हुंगली.
शेवटच्या चौकटीशी अडला: प्राणी, आत की बाहेर?
खाली बघितलं. दोन पंजे.
‘‘याची कागदपत्रं?’’
मकवालानं बोंबोराचा कान उचलून दाखवला:
पिवळा बिल्ला, त्यावर नंबर,
लस टोचलेली, नसबंदी झालेली.
‘‘आणि स्वयंपाक्याची?’’
स्वयंपाकी म्हणजे तिचा दीर, अवतांदिल.
त्याचं आरोग्यपत्र मार्चमध्येच संपलेलं.
तो हात पुसत राहिला,
पुसलेलेच हात.

दंड झाला तो दिराला.
कुत्र्याच्या चौकटीवर गोचा
बराच वेळ पेन धरून उभा होता,
मग लिहिलं: आपल्या पायरीवर आहे.

आणि स्वयंपाकघराचं विचाराल
तर मकवालाचा नियम गोचापेक्षा कडक.
चुलीपर्यंत चार पायांचं कुणी यायचं नाही,
दोन पायांचंही, हात धुतल्याशिवाय.
का ते ती सांगत नाही. एकदाच सांगितलं,
ओट्यावरून फडकं फिरवताना:
त्र्याण्णवचा हिवाळा. वीज नाही.
पावाच्या रांगेत पहाटे तीनला नंबर.
आमच्याकडे एक होती, चुलीला पाठ लावून झोपायची.
वडिलांनी तिला नदीपलीकडे सोडलं. आली.
पुन्हा सोडलं. आली.
तिसऱ्या वेळी मी नेली, तेरा वर्षांची होते मी,
मलाच परत येता येणार नाही
असा रस्ता धरला.

चुलीजवळ जागा दिली
तर ती शेवटपर्यंत देता आली पाहिजे, म्हणाली,
आणि फडकं पिळलं.

रात्री अकराला दार लावायचं असतं.
मध्ये दोन पंजे.
ती कडीवर हात ठेवून उभी राहते.
तो जांभई देतो, अंग ताणतो, विचार करतो.
तेवढ्यात सगळ्या तळघरात गारठा शिरतो,
आणि आतून अवतांदिल ओरडतो,
हीटरचं बिल काय तो भरणार आहे?