इतिवृत्त कायम करणे

विषय क्रमांक दोनशे चौदा.
सूचक : चांगुणाबाई कचरू मोंढे.
अनुमोदक : शकूर अत्तार.
गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात
बायकांसाठी सोय.
एवढं वाचून नगरसचिवांनी चष्मा पुसला,
म्हणजे विषयात फारसं काही नाही.

त्याआधी दोनशे तेरावर दीड तास गेला होता :
चौकाला नाव कोणाचं.
दोन आजोबा, दोन्ही वारलेले,
दोघांचे नातू सभागृहात.
एकाने राजदंडाला हात घातला,
दुसऱ्याने त्याचा हात धरला,
आणि मुलामा उडालेला तो राजदंड
थोडा वेळ कोणाचाच नव्हता.
मी लिहिलं : गोंधळ.
लघुलिपीत गोंधळाला एकच वळण आहे,
माझ्या बोटांना ते झोपेतही जमतं.

मग चांगुणाबाई उठल्या.
माइक बंद. शिपायाने थोपटला. चालू. पुन्हा बंद.
राहू द्या, म्हणाल्या,
मला बाजारात ओरडायची सवय आहे.

"मुंगसऱ्याहून, मातोरीहून बाया येत्यात,
पहाटे तीनच्या टेम्पोत, मेथीच्या जुड्यांवर बसून.
पंधरा वर्षं मी बी बसले.
दुपारी बारापर्यंत पाणी पीत नाय आम्ही.
तहान लागत नाय असं नाय.
मुतायला जागा नाय म्हणून."

कोणीतरी खुर्ची सरकवली.
(खुर्ची सरकवणे लिहायचं नसतं.)

गर्गे सर हरकतीच्या मुद्द्यावर उभे राहिले.
हा शब्द सभागृहाला शोभत नाही,
प्रसाधनगृह म्हणावं.
पलीकडून आलं : स्वच्छतागृह,
शासनाच्या परिपत्रकात तसं आहे.
मागच्या बाकावरून : आमच्या प्रभागातली कुत्रीही
याच विषयात घ्या.
अभियंता म्हणाले, तिथे पूररेषा आहे.
वीस मिनिटं.
शेवटी लभडे अण्णांनी तोडगा काढला :
सिंहस्थाच्या निधीत धरू.

चांगुणाबाई अजून बसल्या नव्हत्या.
"सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, महापौर.
तवर धरून कसं ठेवायचं?"

हशा. (हा लिहितात.)
गॅलरीतही हशा.
मीही हसले, पेन्सिल हलली,
मग दिसलं की त्या हसत नाहीयेत.
त्यांच्यासमोरचा पाण्याचा ग्लास
सकाळी अकरापासून काठोकाठ,
वरची झाकणी तशीच.

महापौर म्हणाले, तो शब्द कामकाजातून काढून टाका.
चर्चेअंती विषय तहकूब.

आमच्या मजल्यावरची किल्ली शिपायाकडे असते.
ती मागावी लागते,
आणि तो नेहमी चार माणसांत उभा असतो.
त्या संध्याकाळी मी मागितली नाही,
घाईघाईने टंकायला बसले.
एकतीस पानं. पान बावीस, ओळ सात.
तिथला शब्द काढायचा राहून गेला.
कोणी विचारलं तर
राहून गेला असंच सांगेन.

पुढच्या महासभेत विषय क्रमांक एक :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचत कोणी नाही.
मंजूर, मंजूर, मंजूर.
चहा आला होता.

तेव्हा आता तो शब्द कायम आहे,
खाली सही, सहीवर गोल शिक्का,
कपाटात, वाळवी लागेपर्यंत.
जागेचं अजून काही नाही.

बुधवारी मी गंगेवर गेले होते.
थंडी इतकी की बोलताना तोंडातून वाफ.
एका म्हाताऱ्या बाईने जुडी उचलून दाखवली,
घ्या ताई, आत्ताच उपटलीय.
शेजारी तिची पाण्याची बादली.
तिने ओंजळ बुडवली,
मेथीवर शिंपडली,
पुन्हा बुडवली, पुन्हा शिंपडली,
आणि ओला हात
लुगड्याला पुसून टाकला.