तुटेपर्यंत

उद्यमनगरच्या लॅबमध्ये माझं काम एकच :
तुकडा जबड्यात धरायचा आणि ओढायचा,
तुटेपर्यंत.

सुई चढते, थबकते. मग धातूला कंबर येते,
बारीक, कोवळी,
आणि मुलाणीमामा म्हणतात, "आता कान दे."
टक्.
आकडा वहीत, तुकडे डब्यात.

हे झालं एका ओढीचं मरण.
दुसरं मशीन कोपऱ्यात, रात्रंदिवस :
थोडं वाकव, सोड. थोडं वाकव, सोड.
एवढ्याशा वजनाला सळई हसली असती
पहिल्या दिवशी.
एकोणीस लाखाव्या खेपेला गेली.
मी तेव्हा भाकरी खात होते.

शिरोलीहून ब्रॅकेटचा लॉट आला, विमानात बसायचा.
लाल रंग लावला, पुसला, पांढरी भुकटी मारली.
भोकाच्या कडेला केसाएवढी रेघ
पाझरून वर आली.
"एवढ्यासाठी अख्खा लॉट, ताई?"
मामांनी शिक्का माझ्याकडे सरकवला
आणि चष्मा पुसत बसले.

आज उजळाईवाडीहून पहिल्यांदा उडतेय.
खिडकीत पंख, पंखाखाली उसाचे चौकोन,
पंचगंगेचं एक वळण.
हवा दचकते. पंखाचं टोक वर जातं, खाली येतं.
शेजारचे काका खुर्चीचा हात आवळून :
"वाकतोय की वो त्यो!"
वाकू द्या, मी म्हणते,
किती वाकायचं ते ठरवून दिलंय त्याला.

ते अंबाबाईचं नाव घेतात.
मी खेपा मोजते.
चाळीसनंतर माझा आकडा चुकतो.